उशाची दोरी

डॉड लोवीला माती फक्त कमरेपर्यंत लागली होती. ते पाहूनच एल्सपेट मेअरला कळले की काहीतरी बिघडले आहे.

ऑगस्टमधला गुरुवार होता, साल एकोणीसशे छत्तीस. सकाळचे आठ वाजले होते. पुढच्या खोलीत आई पेटीत निजली होती आणि दुपारी एकला तिला न्यायचे होते. या वेळेला कबर खोदणारा माणूस खांद्यापर्यंत मळलेला असतो, कारण खोल खड्ड्यात नुसते वळायचे म्हटले तरी दोन्ही बाजूंची माती अंगाला घासते. डॉडची पँट मळली होती, पण वरचा सदरा धुतल्यासारखा होता. मागच्या दाराशी उभा राहून, टोपी हातात चुरगाळत तो म्हणाला की जरा फोर्ब्सशी बोलायचे होते.

फोर्ब्स म्हणजे एल्सपेटचा थोरला भाऊ. तो बंदरावर जाळी पाहायला गेला होता. हेरिंग मासा दोन दिवसांपासून किनाऱ्याजवळ आला होता आणि चारच्या भरतीला सगळ्या बोटी सुटायच्या होत्या. गावात मढे असताना बोट सोडत नाहीत, म्हणून सगळे एक वाजण्याची वाट पाहत होते.

"फोर्ब्स नाही. मला सांग," एल्सपेट म्हणाली.

"पुरुषांकडची बाब आहे, एल्सपेटबाई."

"आई माझीच आहे ना? बस तिथे."

तिने त्याच्यापुढे चहा ठेवला, ओटची भाकरी आणि चीज ठेवले, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दंड खलाशासारखे, बोटांवर मासे चिरायच्या सुरीचे पांढरे वण. डॉडने भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला नाही. शेवटी त्याने सांगितले ते असे.

मेअरांच्या कबरीचा कागद तीन पेट्यांचा होता. खोली आठ फूट. पहिली पेटी तळाला, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि वर तीन फूट माती. म्हणजे तिच्या वडिलांच्या पेटीचे झाकण साडेसहा फुटांवर लागायला हवे होते. डॉडने पहाटे खोदायला घेतले आणि चार फुटांवरच फावडे लाकडावर वाजले. त्याला वाटले, कोणीतरी दुसरेच मध्ये पुरले आहे. त्याने हाताने वाळू बाजूला केली, झाकणावरची पत्र्याची पाटी थुंकीने पुसली आणि नाव वाचले.

"तुमचे वडीलच आहेत. साडेपाच फुटांवर ठेवलेत त्यांना. आज तुमच्या आईची पेटी वर ठेवली की मग नुसती माती घालायची. त्याच्यावर..." तो थांबला.

"त्याच्यावर मी मावत नाही," एल्सपेट म्हणाली.

डॉडने भाकरीकडे पाहिले. "नाही मावत."

एल्सपेटने हात पुसले, कोरडेच होते ते, आणि पुन्हा पुसले.

एल्सपेटने लग्न केले नव्हते. पंधराव्या वर्षापासून ती हेरिंगच्या मागे फिरली होती, वर शेटलंडपासून खाली यारमथपर्यंत. जिथे बोटी मासा उतरवतील तिथे उभे राहायचे आणि चिरायचे, बोटांना चिंध्या बांधून, मीठ जखमांत जात असताना. तिच्या टोळीतली टीना यारमथला तापाने गेली, तेव्हा तिला तिथल्याच कबरस्तानात अनोळखी दोघींच्या वर पुरले. एक कोण होती तेही कोणाला माहीत नव्हते. त्या दिवशी परत येताना बाकीच्या मुली रडत होत्या. एल्सपेट रडली नाही. तिने मनाशी म्हटले, माझी जागा आहे. घरची, समुद्राच्या बाजूची, आईवडिलांच्या वर.

ती जागा आईने तिला दर शनिवारी दाखवली होती. दोघी ब्रश आणि बादली घेऊन जुन्या कबरस्तानात जायच्या आणि दगड घासायच्या. दगडावर वडिलांचे नाव होते. त्याखाली मोकळी जागा. आई तिच्यावर ओला तळहात ठेवायची आणि म्हणायची, "इथं मी, माझ्या माहेरच्या नावानं. बार्बरा फ्लेट. जन्मभर मेअरीणबाई म्हणून घेतलं, मेल्यावर तरी माझं नाव मला परत मिळेल." मग हात थोडा खाली सरकवायची. "आणि इथं तू." शेवटच्या दोन वर्षांत आईला चालवत नव्हते. तेव्हा एल्सपेट एकटी जाऊन दगड घासायची आणि घरी येऊन सांगायची, घासला. मग आई विचारायची, आपली जागा पुसलीस का. पुसली, असे सांगितले की ती डोळे मिटायची.

जुने कबरस्तान भरले होते. सतरा वर्षांपूर्वी टेकडीमागे नवे काढले, आखीवरेखीव, नंबरांच्या खुंट्या ठोकलेले. तिथून समुद्र दिसत नाही. त्या वेळी जुन्यातल्या शेवटच्या चार जागा वाटायच्या होत्या, तेव्हा आईने फोर्ब्सला विचारले होते की एल्सपेटसाठी एक घेऊन ठेवावी का. फोर्ब्स म्हणाला होता, कशाला, आपल्या कबरीत तिघांची जागा आहे. एल्सपेट तिथेच बसून मोजा विणत होती. तिला त्याचे शब्द आठवले. तो खिडकीबाहेर पाहत बोलला होता, हेही आठवले.

"डॉड," ती म्हणाली, "आणखी खणू नको. पण बुजवूही नको. खाली माती कशी आहे?"

"वाळू. मऊ वाळू आहे, खडक नाही. म्हणून तर मला नवल वाटलं. आठ फूट सहज निघाले असते."

"मग का नाही काढले?"

डॉडला ते माहीत नव्हते. तो या गावात आला वीस वर्षांपूर्वी. त्याच्या आधीचा खोदणारा, म्हातारा टॅम, कधीच मेला होता.

फोर्ब्स दहाला आला. काळा सूट, कडक कॉलर. तो चर्चच्या पंचांपैकी एक होता आणि दोन बोटींचा मालक, गावात त्याच्या शब्दाला वजन होते. तो आत आला आणि टेबलावर कबरीचा कागद पसरलेला पाहून उभाच राहिला.

एल्सपेटने डॉडचे नाव न घेता विचारले, वडिलांना किती खोल ठेवलंय?

तो म्हणाला, कागदावर लिहिलंय.

कागदावरचं नाही विचारलं, ती म्हणाली. तुझ्या हातात उशाची दोरी होती.

इथे पेटी आठ दोऱ्यांनी उतरवतात. प्रत्येक दोरीला नंबर असतो आणि ज्याला ती धरायची त्याला सुतार आदल्या दिवशी कार्ड देतो. एक नंबरची दोरी उशाची, ती थोरल्या मुलाची. बाकीच्या नात्याने. आठही पुरुष. बायका कबरीपर्यंत जात नाहीत, त्या घरी थांबतात आणि ब्रेडला लोणी लावतात. पण दोऱ्या सगळ्या एका मापाच्या असतात. पेटी तळाला टेकली की हातात उरलेली दोरी पाहून धरणाऱ्याला कळते की खड्डा किती खोल आहे. हे एल्सपेटला कोणी शिकवले नव्हते. सकाळपासून दोन तास आईच्या पेटीशेजारी बसून, तिथे वेटोळे करून ठेवलेल्या नव्या दोऱ्यांकडे पाहताना ते तिचे तिला समजले होते.

"किती उरली होती हातात?" तिने विचारले.

फोर्ब्स खुर्चीत बसला. मग हळूहळू सगळे बाहेर आले. वडील गेले तोही ऑगस्टच होता, तेव्हाही हेरिंग आला होता आणि भरती चारलाच होती. टॅम कबरी खोदायचा आणि वॅटीच्या बोटीवर खलाशीही होता. त्याला भरती गाठायची होती. त्याने साडेपाच फुटांवर फावडे टाकले आणि कबरींच्या नोंदवहीत आठ लिहून टाकले. पेटी उतरवली, आणि आठही जणांच्या हातांत अडीच फूट दोरी जास्त उरली. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी बोलले नाही. बोटी थांबल्या होत्या. त्या संध्याकाळी फोर्ब्स बावीस वर्षांचा, पहिल्यांदा वडिलांच्या बोटीचा कप्तान होऊन बाहेर पडला आणि पहाटे काठोकाठ मासा भरून आला.

"तो मासा मी चिरला," एल्सपेट म्हणाली. "दोन दिवस चिरत होते. वडिलांच्या नावानं काळा फडका बांधून. लोक म्हणत होते, वरून बाप बघतोय पोराकडं. वरून कुठलं, साडेपाच फुटांवरून."

"मी पोरगा होतो, एल्सपेट."

"पोरगा होतास तेव्हाचं नाही बोलत मी. जुन्या कबरस्तानात चार जागा उरल्या होत्या तेव्हा तू तेहेतीस वर्षांचा होतास. आई विचारत होती. तेव्हा तोंड का शिवलं होतंस?"

फोर्ब्स म्हणाला की तेव्हा सांगितले असते तर टॅमची बदनामी झाली असती, त्याची बायको जिवंत होती. शिवाय आठ घरांची नावे आली असती. शिवाय आईला धक्का बसला असता. मग त्याने घसा साफ केला आणि त्याला सुचलेला तोडगा सांगितला. नव्या कबरस्तानात तो एल्सपेटसाठी चांगली, कोपऱ्यातली जागा घेईल. दगडही चांगला, काळा ग्रॅनाइटचा. आणि आजचे आज उरकून घेऊ, लोक जमायला लागलेत, घरातली गोष्ट घरात राहू दे.

एल्सपेटचा आवाज चढला नाही. गावात नंतर सगळ्यांना तेच जास्त लक्षात राहिले. ती उठली, पुढच्या खोलीत गेली, आईच्या पेटीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग बाहेर येऊन तिने दाराला कुलूप लावले आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली.

"आता खोलीतली खोलीत राहू दे," ती म्हणाली.

बारा वाजता पाद्रीबुवा आले तेव्हा अंगणात पन्नास पुरुष काळ्या टोप्या घालून उभे होते आणि स्वयंपाकघरात बायका दाटीवाटीने. टेबलावर हॅमचा भला मोठा तुकडा उकडून ठेवलेला, शेजारी पावांची चळत. प्रार्थना घरात होणार, पण पुढच्या खोलीचे दार बंद. रन्सी सुतार, ज्याने पेटी केली होती, हातात आठ कार्डे घेऊन दारासमोर अडकल्यासारखा उभा होता. एल्सपेटने त्याच्या हातातून कार्डे काढून घेतली, तीही खिशात टाकली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. वडिलांना आठ फुटांवर ठेवायचे होते. साडेपाचवर ठेवलेत. आठ माणसांना माहीत होते. अठ्ठावीस वर्षे माहीत होते. आणि माझ्या मरणाची जागा या आठ जणांनी एका भरतीसाठी खाल्ली.

अंगणात कोणीतरी म्हणाले, बाई दुःखात आहे, तिला बसवा कुणीतरी.

"बसले होते मी," एल्सपेट म्हणाली. "आज उभी आहे. ते आठ होते त्यांतले तिघे आज या अंगणात आहेत. फोर्ब्स आहे. रन्सी, तू आहेस. वॅटी, तू आहेस. बाकीचे पाच स्वतः किती खोल आहेत देव जाणे."

वॅटी बहात्तर वर्षांचा होता. तो काठीवर रेलून बुटांकडे पाहत राहिला. स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको जिनॅक पुढे आली, हातात अजून लोण्याची सुरी. जिनॅक कमरेत वाकलेली, तोंडाने फटकळ, उभ्या जन्मात नवऱ्याला एक वाक्य पुरे करू न देणारी बाई. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आणि या वेळी तिने त्याला बोलू द्यायचे ठरवले होते.

"वॅटी," ती म्हणाली, "आपला अँगस."

अँगस त्यांचा मुलगा. एकोणीस वर्षांचा असताना बंदराच्या तोंडाशी बुडाला होता. तेही हेरिंगचेच दिवस होते.

"त्याच्या वेळी उशाची दोरी तुझ्या हातात होती. किती उरली होती?"

वॅटीने टोपी काढून काखेत मारली.

"त्याच्यावर मला जायचंय. मी तुला पंचवीस वर्षं विचारलं नाही. आता विचारते. किती उरली होती?"

वॅटीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग त्याने मोकळा हात वर केला आणि दंडापासून बोटांपर्यंत दाखवला. हातभर.

स्वयंपाकघरातून एक आवाज आला, रडण्याचा नाही. दुसरी बाई बाहेर आली, मग तिसरी. प्रत्येक बाई आपापला माणूस शोधत होती. आमच्या आजीचं काय. आमच्या जुळ्यांचं काय, त्यांना कुणाच्या पेटीवर ठेवलं. माझ्या बापाच्या वेळी भरती किती वाजता होती ते मला आठवतंय, फोर्ब्स मेअर, तूच घाई करत होतास. पन्नास पुरुष, ज्यांना उत्तर समुद्रात वादळ आले तरी भीती वाटायची नाही, ते टोप्या काढून अंगणात इकडेतिकडे पाहत होते, जणू कुठेतरी दोन फूट मोकळी जमीन सापडली तर तिच्यात शिरावे.

फोर्ब्स दारात आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. हा तमाशा आहे, तो म्हणाला, आणि आईचे प्रेत घरात असताना. कबरीतली पेटी हलवायला शेरीफचा, कोर्टाचा कागद लागतो, हे तरी तुला माहीत आहे का?

"साडेपाच फुटांवर पुरायला कुठल्या शेरीफचा कागद आणला होतास?" एल्सपेटने विचारले.

सगळ्यांनी पाद्रीबुवांकडे पाहिले. ते तरुण नव्हते आणि मूर्खही नव्हते. त्यांनी घड्याळ काढले, पाहिले, परत खिशात ठेवले. म्हणाले की माझी आजी इथूनच आठ मैलांवर एका कबरीत आहे आणि तिच्यावर माझी आई आहे, आणि मी कधी मोजलेले नाही. मग म्हणाले की मी समुद्रकाठाने फिरायला जातो, हवा चांगली आहे. परत येईन तेव्हा प्रार्थना म्हणेन. मधल्या वेळात जे मला दिसले नाही त्याबद्दल मला कुणाला पत्र लिहावे लागणार नाही.

एल्सपेटने फोर्ब्सकडे पाहिले. "त्यांना आठ फुटांवर ने. तू ने. डॉड मदत करेल. तोवर आई इथंच आहे, आणि आई जमिनीवर आहे तोवर बंदरातून एक बोट सुटणार नाही. हा नियम मी केलेला नाही."

फोर्ब्सने अंगणातल्या एकेकाकडे पाहिले. कोणी त्याच्या बाजूने बोलेल याची तो वाट पाहत असावा. रन्सी सुतार बोलला, पण ते एवढेच, की माझ्याकडे चांगल्या फळ्या आहेत, जुनी पेटी उचलताना खचली तर मी तासाभरात दुसरी ठोकून देतो.

मग ते निघाले. आणि त्यांच्या मागोमाग बायका निघाल्या. आधी जिनॅक, लोण्याची सुरी तशीच हातात घेऊन, मग तिच्यामागे सगळ्या. कबरस्तानाच्या फाटकापाशी एक म्हातारा त्यांना म्हणाला की बायकांनी इथपर्यंतच यायचे असते. जिनॅकने त्याला बाजूला हो म्हणून सांगितले आणि तो झाला.

फोर्ब्सने कोट काढला, कॉलर काढली. डॉडने त्याला दुसरे फावडे दिले. आधी जुन्या पेटीखाली शिडाचे कापड सरकवावे लागले. वाळू कोरडी होती, लाकूड टिकले होते, पण झाकण मध्ये बसले होते. सहा जणांनी कापड धरले आणि पेटी उचलून बाजूच्या गवतावर ठेवली. तिच्यावर दुसरे कापड घातले. फोर्ब्सने तिकडे पाहिले नाही. तो खड्ड्यात उतरला.

एल्सपेट दगडाशी उभी होती, तिच्या मोकळ्या जागेपाशी, हातात रन्सीची मोजकाठी. सहा फूट झाले तेव्हा फोर्ब्सला धाप लागली होती. पन्नास वर्षांचा माणूस, हल्ली बोटीवरही तो दुसऱ्यांना कामाला लावायचा. दोघे तरुण पुढे झाले की आम्ही उतरतो. एल्सपेट म्हणाली, नको. डॉडने त्याला जरा बसायला लावले, पाणी दिले आणि पुन्हा दोघे लागले. आता फोर्ब्स खांद्यापर्यंत मळला होता. पांढऱ्या सदऱ्यावर दोन्ही बाजूंनी मातीचे पट्टे उठले होते.

चर्चच्या घड्याळात चार वाजले. सगळ्यांनी ऐकले. कबरस्तानाच्या भिंतीवरून बंदर दिसत होते. पाणी काठोकाठ भरले होते आणि अठरा बोटी दोरखंडांना बांधलेल्या नुसत्या डोलत होत्या. बाहेर समुद्रावर पक्ष्यांचे थवे एकाच ठिकाणी खाली झेपावत होते, म्हणजे मासा तिथे होता, हे लहान मुलालाही कळले असते.

"किती झालं?" फोर्ब्सने खड्ड्यातून विचारले.

एल्सपेटने काठी खाली सोडली. "सव्वासात."

"एल्सपेट. सव्वासातवरही तिघं बसतील. दाबून बसतील."

"आठ."

"पाणी उतरायला लागलंय."

"उतरू दे. मी बघते त्याच्याकडं. तू खण."

आठ झाले तेव्हा तिने स्वतः वाकून काठी तळाला टेकवली, वरची खूण अंगठ्याने धरली आणि ती खूण रन्सीला दाखवली, मग वॅटीला. वॅटीने मान हलवली. ते पुरले नाही म्हणून तिने त्याला आकडा मोठ्याने म्हणायला लावला. म्हाताऱ्याने म्हटला.

वडिलांची पेटी पुन्हा खाली गेली तेव्हा साडेपाच झाले होते. पाद्रीबुवा फिरून आले होते आणि फाटकाबाहेर पाठ करून उभे होते. मग सगळे घरी गेले, एल्सपेटने कुलूप काढले, प्रार्थना झाली, आणि आईला आणले. बंदरात गाळ दिसायला लागला होता.

कबरीपाशी एल्सपेटने खिशातून कार्डे काढली. रन्सीच्या हातचे सुबक अक्षर. एक नंबरवर फोर्ब्सचे नाव लिहिलेले होते. तिने ते स्वतःकडे ठेवले. दोन नंबरचे, पायथ्याचे, जिनॅकला दिले. बाकीची तिने वाटली, तीन बायकांना, दोन भाच्यांना आणि एक डॉडला. फोर्ब्स मातीने माखलेले हात पुढे करून उभा होता.

"तुझी एकदा धरून झाली," ती म्हणाली.

तिने आयुष्यात हजारो पिंपांचे दोर ओढले होते, तरी ही दोरी वेगळी होती. काळी, सुताची, टोकाला गोंडा. पेटी जड नव्हती. आई शेवटी एवढीशी राहिली होती. दोरी हातातून सरकत गेली, तळहातातल्या जुन्या वणांवरून, आणि सरकतच राहिली. साडेपाच फुटांचे अंतर आले आणि गेले. दोरी अजून जात होती. मग खाली लाकडावर लाकूड टेकल्याचा बारीक आवाज झाला. एल्सपेटने मुठीकडे पाहिले. गोंडा आणि वर फूटभर, बस. समोर जिनॅकने आपली दोरी पाहिली, मग गर्दीत वॅटीकडे पाहिले. त्या रात्री वॅटीला काय काय ऐकावे लागणार हे सगळ्यांना कळले.

त्यांनी दोऱ्या खाली सोडल्या. डॉडने माती लोटायला घेतली.

परत येताना फोर्ब्स तिच्या बरोबरीने चालू लागला. तो म्हणाला की झाले ते झाले, आता तुझी जागा तुला मिळाली. माझ्या मनावर किती वर्षे ओझे होते तुला ठाऊक नाही. आज हलके वाटतेय.

"तुला हलकं वाटावं म्हणून नाही खणलं ते," एल्सपेट म्हणाली. "आणि जिनॅकच्या पोराचं अजून राहिलंय. तिच्या बाजूला राहणाऱ्यांचंही. डॉडला घेऊन उद्यापासून लाग कामाला. शेरीफचा कागद लागला तर तो तूच आण, तुझ्या शब्दाला वजन आहे."

"मला उद्या समुद्रावर जायचंय."

"तुझ्या बोटी जातील. तू नाही जाणार."

तो काहीतरी बोलणार होता, पण पुढे मागे चालणाऱ्या बायका चालायच्या थांबल्या होत्या आणि त्याच्याकडे पाहत होत्या. तो पुढे चालू लागला.

पुरुष घरी आले तेव्हा सात वाजत आले होते. दुपारपासून कोणाच्या पोटात काही नव्हते. दरवेळी ते कबरीवरून परतले की चहा वाफाळत असायचा, कापलेले हॅम ताटांत, लोणी लावलेले पाव, व्हिस्कीचे लहान पेले मांडलेले. आज बायका त्यांच्याबरोबरच आल्या होत्या. चूल विझली होती. हॅम जसेच्या तसे अख्खे टेबलावर होते, त्यावर एक माशी. पावांची चळत कडक झालेली.

एल्सपेट आईच्या खुर्चीत बसली. बूट काढले, पाय पुढे केले. बाकीच्या बायका जिथे जागा मिळाली तिथे बसल्या, बाकांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, आणि बसूनच राहिल्या. पुरुष उंबरठ्यावर दाटले.

फोर्ब्सने टेबलाकडे पाहिले, मग बहिणीकडे. शेवटी म्हणाला, थोडा चहा मिळाला असता तर.

"कोळसे मागच्या शेडमध्ये," एल्सपेट म्हणाली. "सुरी खणात आहे. आणि हात धुऊन घे आधी."